सोफ्यावरची मधली जागा

(कर्वेनगरातला फ्लॅट, शनिवारची दुपार. सासरे नागोराव सोफ्यावर; प्रियदर्शनी आणि लहानगी सृष्टी टीव्हीपाशी जमिनीवर. टीव्हीखालून बारीकसा आवाज येतो : टक्.)

सृष्टी : आई, टक् झालं.

प्रियदर्शनी : झालं का? चला. म्हणजे जिवंत आहे.

सृष्टी : कोण?

प्रियदर्शनी : हा रिसीव्हर. हा काळा खोका गं. टीव्हीचा आवाज आधी याच्यात येतो, मग हा तो दोन्ही स्पीकरना वाटून देतो. बटण दाबलं की जरा वेळ विचार करतो आणि मग टक् करतो. तुझ्या बाबासारखा.

सृष्टी : बाबा टक् करत नाही.

प्रियदर्शनी : बरोबर. तो नुसताच विचार करतो. टॉर्च नीट धर. माझ्या डोळ्यांवर नको, मागे धर, वायरींवर.

सृष्टी : आजोबा खरंच आज जाणार?

प्रियदर्शनी : जाऊ नयेत म्हणूनच चाललंय ना हे सगळं. टॉर्च.

नागोराव : प्रिया, काय करून राहिली तू? जेवन झाल्यापासून त्या खोक्यात डोकं घातलं.

प्रियदर्शनी : बाबा! टीव्हीचा आवाज! नीट करतेय! तुमच्यासाठी!

नागोराव : आँ?

प्रियदर्शनी : तुमच्यासाठी! टीव्ही!

नागोराव : माह्यासाठी कायले? संध्याकाळी गाडी हाये माही. बॅग भरून झाली, पोरीले, चंपाले फोन करून झाला. जावई घ्यायले येते म्हने स्टँडवर. तू कायले जीव आटवतं? बस जराशी.

प्रियदर्शनी : बसते हं! झालंच! ...सृष्टी, ते रिमोट दे. लांबडं नाही, छोटं. आणि ऐक, आवाज एकदा नीट लागला ना, की आजोबा राहतील. दिवसभर टीव्हीसमोर बसायचं आणि एक शब्द कळायचा नाही, माणूस कंटाळणार नाही तर काय? मी असते तर कधीच पळाले असते.

सृष्टी : तू बस ना मग आजोबांशी बोलत.

प्रियदर्शनी : ओरडून? तुझ्या खालच्या जोशीकाकू सोसायटीच्या ग्रुपवर लिहितील, तिसऱ्या मजल्यावर भांडणं चालतात म्हणून. कापसाच्या जिनिंग मिलमध्ये उभं आयुष्य गेलं त्यांचं, त्या मशिनींच्या धडधडाटात. कान जाणारच. बाबा म्हणतो ना तुझा.

सृष्टी : हळू बोल.

प्रियदर्शनी : हळूच बोलतेय. आणि मोठ्याने बोलले तरी त्यांना काय कळणार आहे? हं, हे बघ, इथे लिहिलंय ‘संवाद’. म्हणजे बोलण्याचा आवाज वाढवायचा. वाढवला. लाव आता आजोबांची बुद्धवंदना. सकाळी लावतात ती.

सृष्टी : लावली.

प्रियदर्शनी : बाबा! आता? कळतंय?

नागोराव : वाजून राहिलं.

प्रियदर्शनी : वाजतंय ते मलाही दिसतंय! शब्द कळतात का?

नागोराव : नाई न. भंतेजी विहिरीत बसून म्हनून राहिले.

प्रियदर्शनी : विहिरीत. घ्या. सगळी वंदना एका माणसाच्या आवाजात, मागे तबला नाही, पेटी नाही, तरी विहिरीत. आता भंतेजींना विहिरीतून बाहेर काढायचं, मग भांडी, मग कुकर, मग तुझं उद्याचं प्रोजेक्ट. रिकामीच आहे मी.

सृष्टी : आई, आजोबा हसले.

प्रियदर्शनी : कधी?

सृष्टी : आत्ता. तू विहीर म्हणालीस तेव्हा.

प्रियदर्शनी : ते असेच हसतात. आपण त्यांच्याकडे बघितलं की हसतात. ऐकू न येणारी माणसं तसं करतात, आपल्याला वाईट वाटू नये म्हणून. सरक, मी जरा खर्ज कमी करून बघते. घूं घूं कमी झालं की शब्द वर येतील.

सृष्टी : खर्ज म्हणजे?

प्रियदर्शनी : जाडा आवाज. ...बाबा, आता?

नागोराव : आता भंतेजी विहिरीतून नळात गेले.

प्रियदर्शनी : वा. प्रगती आहे.

नागोराव : राहू दे बेटा. वारज्याच्या घरी होतो तेव्हा येत होतं सगळं. हाच खोका, हेच डब्बे. तेव्हा तर मी तिकडं बाथरूममधी असलो तरी बातम्या समजत. इथं आलो न कान गेले. वय हाये, कधी तरी जाईनच न.

प्रियदर्शनी : बाबा, कानाच्या डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागलो होतो आम्ही! तुम्हीच नको म्हणालात!

नागोराव : आँ?

प्रियदर्शनी : काही नाही! ...हे बघ, सोयीचं नसलं की आँ.

नागोराव : तू इकडं ये न. इथं बस, माह्या जागेवर. तुले समजते का पाह्य.

प्रियदर्शनी : मला येतंय हो ऐकू! मी इथे खाली बसलेय, मला स्पष्ट येतंय!

नागोराव : खाली तर सृष्टीलेही येते. ती त्या डब्ब्याच्या तोंडात बसते. इथं येऊन बस. मी उठतो.

सृष्टी : बस ना आई. आजोबा उठलेपण.

प्रियदर्शनी : बसायला लावणार मला हे लोक. ...हं. बसले. उशी काढ ती पाठीमागची. किती मऊ आहे हा सोफा.

सृष्टी : तुला माहीत नव्हतं?

प्रियदर्शनी : कडेला टेकते मी, घड्या करताना. इथे मधे कधी बसले? या घरात आल्यापासून... थांब. थांब थांब. हे काय आहे?

सृष्टी : काय?

प्रियदर्शनी : आवाज वाढव जरा. ...अरे! हे खरंच विहिरीतून येतंय. नाही, विहीर पण नाही. समोरून येतच नाहीये. डोक्याच्या मागून कुठून तरी येतंय. आणि शब्द... सृष्टी, तू काही केलंस? बटण दाबलंस?

सृष्टी : मी नाही. मी टॉर्च धरलाय.

प्रियदर्शनी : मी इकडे कडेला सरकले की नीट. परत मधे आले की गेलं. कडेला... नीट. मधे... गेलं. बाबा! तुम्हाला असं येतं? रोज? असं?

नागोराव : असंच येते.

प्रियदर्शनी : मग हे मलाही कळत नाहीये!

नागोराव : तुहेही कान गेले म्हन मग.

प्रियदर्शनी : थट्टा नका करू. अहो, या घरात या जागेवर तुमच्याशिवाय बसतं कोण? तुमचा प्रज्ञेश कानात ती इअरफोनची बोंडं घालून खुर्चीवर. ही जमिनीवर. मी ओट्याशी. तुम्ही एकटेच बरोब्बर मधे. आणि तुम्ही एकटेच सांगत होतात की कळत नाही, आणि आम्ही तिघं... थांबा, मी फोनवर बघते.

सृष्टी : काय लिहिलंय?

प्रियदर्शनी : ‘दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये बसल्यावर आवाज पोकळ आणि विरळ वाटत असेल...’ हो, वाटतोय. ‘बोलणारा माणूस समोर आहे असं वाटत नसेल...’ नाहीच वाटत. ‘तर एका स्पीकरच्या वायरी उलट्या लागलेल्या असण्याची शक्यता आहे. अशा वेळी एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि मधल्या माणसापर्यंत...’

सृष्टी : पर्यंत काय?

प्रियदर्शनी : पोचत नाही. दोघांचं बोलणं एकमेकांना खाऊन टाकतं. आण टॉर्च. रिसीव्हर बंद कर आधी, वायरींना हात लावायचाय. पण उलट्या लागतील कशा? मी खुणा केल्या होत्या. वारजे सोडताना सामान बांधलं तेव्हा. ही वायर पारदर्शक आहे ना, दोन्ही पदर सारखे दिसतात, म्हणून मी स्वतः प्रत्येक जोडीतल्या एका टोकाला नेलपॉलिश लावलं होतं. लाल. लाल टोक लाल भोकात, कोरं टोक काळ्या भोकात. इतकं सोपं. तुझ्या बाबालासुद्धा चुकता येणार नाही इतकं... सृष्टी.

सृष्टी : हं.

प्रियदर्शनी : इथे सगळ्याच टोकांना नेलपॉलिश आहे.

सृष्टी : हो.

प्रियदर्शनी : हो?

सृष्टी : मी लावलं. तू भांडी बांधत होतीस तेव्हा. तू एकीलाच लावलं होतंस, दुसरीला नव्हतं लावलं.

प्रियदर्शनी : अगं, मुद्दाम!

सृष्टी : पण दुसरीला वाईट वाटेल ना. त्या दोघी कायम चिकटलेल्या असतात. एकीला लाल आणि एकीला काहीच नाही. म्हणून मी सगळ्यांना लावलं. तू रागावलीस?

प्रियदर्शनी : नाही. रागावायला जोर लागतो. ...आणि तुझ्या बाबाने चार लाल टोकं बघितली आणि विचारलं नाही. ‘लागली एकदाची’ म्हणाला आणि मीटिंगला बसला. मीही नाही बघितलं. सात वर्षं मी कंपनीत टेस्टिंग केलं बरं का, लोकांनी केलेल्या चुका शोधायच्या, त्याचा पगार घ्यायचे. आणि घरात हे.

नागोराव : पोरीले नको बोलू.

प्रियदर्शनी : नाही बोलत आहे बाबा. ...आता एकाच स्पीकरच्या उलटायच्या. डावीकडच्या. ही इकडे, ही तिकडे. झालं. दाब बटण.

सृष्टी : दाबलं.

प्रियदर्शनी : ...टक् होत नाहीये.

सृष्टी : विचार करतोय.

प्रियदर्शनी : इतका नाही करत. लाल दिवा लुकलुकतोय. आता काय बिनसलं? बंद कर. मी नीट होतं तेही बिघडवून ठेवलं. रडू येईल हं मला आता.

नागोराव : तांब्याची एखादी तार बाहेर आली असंन. दुसरीले लागून राहिली असंन. पाह्य बरं.

प्रियदर्शनी : कुठे... हो. आहे. केसासारखी बारीक आहे एक. आत जातच नाही ती, विस्कटते.

नागोराव : सुईत दोरा घालाच्या आधी वळते न, तशी वळ सगळी टोकं मिळून. थुंकी नको लावू फक्त.

प्रियदर्शनी : वळली. हं, आता गेली. सृष्टी, बटण. आणि कोणी बोलू नका.

नागोराव : झालं टक्.

सृष्टी : झालं! आई, झालं!

प्रियदर्शनी : लाव वंदना. बाबा, बसा तुमच्या जागेवर. नाही, थांबा, मला बसू दे आधी... अहाहा. समोर. अगदी टीव्हीच्या मधोमध, समोर मांडी घालून बसलेत भंतेजी. या. या, तुम्ही बसा. येतंय?

नागोराव : येऊन राहिलं.

प्रियदर्शनी : शब्द?

नागोराव : शब्दन् शब्द. मधी श्वास घेतला तेही समजलं.

प्रियदर्शनी : बाबा! तुमचे कान गेलेलेच नाहीत! वायर उलटी होती हो. मी प्रज्ञेशला आत्ता सांगते, तिकीट रद्द कर म्हणून. कान ठणठणीत आहेत तुमचे, नुसती वायर...

सृष्टी : आई, आजोबांना टक् पण ऐकू आलं. माझ्याआधी.

प्रियदर्शनी : हो ना, टक्...

सृष्टी : ते सोफ्याच्या मागे उभे होते. तिथून ऐकू आलं.

नागोराव : सृष्टे, पानी आन बरं मले. माठातलं.

प्रियदर्शनी : बाबा, मी आत्ता ओरडत नाहीये.

नागोराव : नाई.

प्रियदर्शनी : मघापासून ओरडत नाहीये. ‘रडू येईल’ म्हणाले तेही हळूच म्हणाले.

नागोराव : हो.

प्रियदर्शनी : वायर उलटी होती टीव्हीची. माणसांची नव्हती.

नागोराव : नाई न. माणसं सरळच येऊन राहिली होती ऐकू.

प्रियदर्शनी : कधीपासून?

नागोराव : पहिल्यापासून. पहिले तर मलेही वाटलं, गेले कान. टीव्ही समजे ना. म्या म्हनलं, का समजत नाई, त तुम्ही दोघं मोठ्यानं बोलाले लागले. तुम्ही शिकलेली माणसं, मी म्हनलं, असंन बाप्पा. मग ध्यानात आलं, का टीव्हीच तेवढा समजत नाई. बाकी तर फोडणी ऐकू येते, वरच्याचा नळ ऐकू येते, लिफ्टचं दार कोन आपटते तेही समजते.

प्रियदर्शनी : मग सांगितलं का नाही?

नागोराव : सांगनारच होतो. त्याच दिवशी दुपारी तू कपड्यांच्या घड्या कराले बसली. इथं, कडेले. अन् बोलाले लागली.

प्रियदर्शनी : आई गं.

नागोराव : मी तुह्याकडं पाह्यलं, त तू माह्याकडं पाहून नव्हती राहिली. घडी करत होती अन् सांगत होती. ऑफिसातल्या त्या कोन्या निकिताचं. तुह्या जागेवर तिले घेतलं ते. तू म्हनली, मी घरी बसली म्हणून कोनी मेलं का, कोनी विचारलं का.

प्रियदर्शनी : बाबा, नका.

नागोराव : तेव्हा मी जर म्हनलं असतं, का बेटा मले ऐकू येते, तर तू तिथंच थांबली असती. घड्या उचलून आत गेली असती. म्हणून मी टीव्हीकडं पाहत बसलो. मले वाटलं आजच्या दिवस. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा आली.

प्रियदर्शनी : रोज आले.

नागोराव : रोज.

प्रियदर्शनी : मला वाटायचं मी भिंतीशी बोलतेय. नाही, भिंतीशी नाही. भिंतीकडे तोंड करून बोलायला वेड्यासारखं वाटतं. तुम्ही समोर असायचात, माणूस असायचा, आणि... आणि काही परत यायचं नाही. उपदेश नाही, तोंड वाकडं नाही. प्रज्ञेशला सांगितलं की तो लगेच उपाय सांगतो. आईला सांगितलं की ती तिचं सांगते.

नागोराव : समजते.

प्रियदर्शनी : थांबा. फ्रिजमधल्या बाटल्या.

नागोराव : कोनत्या?

प्रियदर्शनी : मी एकदा तुमच्यासमोर म्हणाले होते, या घरात पाणी सगळे पितात, बाटली कोणी भरत नाही. त्यानंतर रोज सकाळी बाटल्या भरलेल्या असतात. मला वाटलं, प्रज्ञेश.

नागोराव : प्रज्ञेश? बाप्पा!

प्रियदर्शनी : मी त्याला थँक यू पण म्हणाले होते.

नागोराव : मग? काय म्हनला?

प्रियदर्शनी : ‘इट्स ओके’ म्हणाला.

नागोराव : पोरगं माह्यं हाये. सोडाचं नाई म्हनते काही.

प्रियदर्शनी : हसवू नका. मला हसायचं नाहीये. मी तुमच्याबद्दलही बोललेय बाबा.

नागोराव : हो.

प्रियदर्शनी : काय काय?

नागोराव : तुले माहीत हाये.

प्रियदर्शनी : ‘दोन पोरं सांभाळते मी, एक पहिलीतलं आणि एक पांढऱ्या केसांचं.’

नागोराव : अन् ‘सासू राहिली असती तर हाताखाली आली असती, सासरे कोनाच्या कामाचे’.

प्रियदर्शनी : मला तोंड लपवायला जागा द्या कुठेतरी.

नागोराव : यमुना राहिली असती तर तीही हेच म्हनली असती. जल्मभर म्हनत होती. ते नाई लागलं मले. प्रज्ञेशचं लागलं जराशिक.

प्रियदर्शनी : तो काय म्हणाला?

नागोराव : जेवताना. तू त्याले सांगत होती काही, अन् माह्याकडं पाहून थांबली. तो म्हनला, ‘ऐकू येत नाही त्यांना, बोल तू.’ मी तिथंच होतो. भाजीचं भांडं माह्याच हातात होतं. जाऊ दे. त्यानं खोटं नाई सांगितलं. त्याले जे वाटे ते सांगितलं.

प्रियदर्शनी : म्हणून चाललात?

नागोराव : त्याच्यासाठी नाई. परवा तू म्हनली न, एक दिवस, एकच दिवस या घरात कोनी नको. दार लावून घ्यावं अन् कोनी आई नको म्हनाले, कोनी प्रिया नको म्हनाले. तू फार हळू म्हनली ते. मी विचार केला, हिच्यासाठी मी काय करू शकतो? नोकरी नाई देता येत. प्रज्ञेशले बदलता येत नाई, मी त्याचा बाप हाये, मले समजते. पन उठून जाता तर येते. चंपाले म्हनलं, येतो.

प्रियदर्शनी : आणि मी इकडे तुम्ही जाऊ नये म्हणून या खोक्यात डोकं घालून बसले. मला वाटलं टीव्ही कळला की राहाल.

नागोराव : कायले ठेवून राहिली? खरं सांग. चंपा काय म्हनंन, लोक काय म्हनतीन, म्हातारा हाकलला म्हनतीन, म्हणून?

प्रियदर्शनी : थोडं म्हणूनसुद्धा.

नागोराव : अन् बाकीचं?

प्रियदर्शनी : माहीत नाही बाबा. खरंच माहीत नाही. तुम्ही गेलात तर दोन दिवस मला बरं वाटेल. मग घड्या करायला बसेन आणि समोर सोफा रिकामा दिसेल, आणि रडू येईल. राहिलात तर चिडचिड होईल माझी. डाळीत मीठ कमी म्हणालात की होईल, सकाळी बाथरूम अडवलंत की होईल. दोन्ही आहे. एकच काहीतरी असतं तर बरं झालं असतं, पण दोन्ही आहे.

नागोराव : हं.

प्रियदर्शनी : वाईट वाटलं?

नागोराव : नाई. हे पहिल्यांदा तू माह्याकडं पाहून बोलली.

सृष्टी : आजोबा, पाणी. थोडं सांडलं.

नागोराव : सांडू दे माय. ...प्रिया, राहण्याचं-जाण्याचं सोड. आत्ता, या टायमाले, तुले काय पायजे ते सांग.

प्रियदर्शनी : झोप.

नागोराव : मग झोप.

प्रियदर्शनी : कुकर भरून ठेवलाय, गॅस पेटवायचाय. मसूर आहे, करपेल. हिचं प्रोजेक्ट आहे. भांडी तशीच आहेत. प्रज्ञेश निघेल आता तुम्हाला सोडायला.

नागोराव : कुकरच्या शिट्ट्या मले ऐकू येतात.

प्रियदर्शनी : ...येतात ना.

नागोराव : गॅस मी पेटवतो. किती करू?

प्रियदर्शनी : तीन. आणि मग बारीक गॅसवर पाच मिनिटं. आणि गाडी?

नागोराव : त्याले म्हनावं आजची राहू दे. चंपाले मी सांगतो. पुढं जाणं झालं तर तुले विचारून जाईन, तू घड्या करताना काय म्हनली ते ऐकून नाई.

प्रियदर्शनी : थांबा, फोन लावते. ...हॅलो. हं, निघू नकोस. नाही जात आहेत ते. ...अरे, नाही जात. स्पीकरची वायर उलटी होती. तूच लावली होतीस. ...हो, नेलपॉलिश होतं, सगळ्यांनाच होतं, चार लाल बघून विचारायचं नाही का माणसाने? ...ते सोड. ऐक. कान चांगले आहेत त्यांचे. ...चांगले म्हणजे चांगले. ...हो, पहिल्यापासून. ...हो. सगळं. ...हो प्रज्ञेश, जेवतानाचं पण. ...मी काय सांगू? आता बस आठवत काय काय बोललास ते. आणि येताना कढीपत्ता आण. आणि येऊन बाटल्या भर.

नागोराव : जास्त नको बोलू त्याले.

प्रियदर्शनी : तुम्ही ऐकू नका.

नागोराव : बरं, नाई ऐकत. जाय, पड तू.

प्रियदर्शनी : सृष्टी, आजोबांना त्रास देऊ नकोस. मी फक्त पाठ टेकतेय.

सृष्टी : आजोबा, प्रोजेक्टला कापूस चिकटवायचाय. ढगांसाठी.

नागोराव : कापूस? अवं, कापूसच तर येते मले. आन इकडं. हा नाई, हा औषधाच्या दुकानातला. याचे ढग बसके होतीन. आधी पिंजून घेऊ आपन.

सृष्टी : आजोबा, शिट्टी झाली.

नागोराव : एक झाली. ऐकली मी.

सृष्टी : मी आईला सांगून येते की एक झाली.

नागोराव : नको सांगू, झोपली असंन ती. ...गेली पाह्य.

सृष्टी : आई.

प्रियदर्शनी : हं.

सृष्टी : झोपलीस?

प्रियदर्शनी : हो.

सृष्टी : आजोबांनी टीव्ही बारीक केलाय. तरी त्यांना कळतंय सगळं.

प्रियदर्शनी : छान झालं ना.

सृष्टी : मी सरकू आत?

प्रियदर्शनी : ये. पाय नको लावू, गार आहेत.

सृष्टी : आता आजोबा राहणार.

प्रियदर्शनी : हो.

सृष्टी : आणि आता तुला माहितीये की त्यांना ऐकू येतं.

प्रियदर्शनी : हो गं राणी. झोपू दे ना मला.

सृष्टी : मग आता तू कुणाला सांगशील?